पाऊस आणि गुणाकार

जालना जिल्ह्यातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. मृगाचा पाऊस वेळेवर येईल की नाही, मध्येच उघडीप किती दिवस पडेल, हे पेरणीच्या दिवशी कोणालाही ठाऊक नसते. ज्या चढउताराचा नेमका अंदाज आधी बांधता येत नाही, त्याला यदृच्छा म्हणतात. परंतु सर्व यदृच्छा एकाच जातीची नसते.

जालना शहराजवळ घाणेवाडीचा तलाव आहे. एखादी मोठी सर आली म्हणजे त्यात पाण्याची भर पडते. तलाव भरून वाहत नसेल, तर आधीचे पाणी थोडे असो वा पुष्कळ, ही भर जवळजवळ सारखीच असते. ही बेरजेची यदृच्छा होय.

शेतकऱ्याच्या भांडवलाची गोष्ट निराळी आहे. ज्याने जितके शेतात घातले असेल, त्या प्रमाणात त्याचा लाभ किंवा तोटा होतो. येथे पाऊस आहे त्या रकमेला गुणतो. ही गुणाकाराची यदृच्छा होय.

एक कल्पित उदाहरण पाहावे. सुकाळात शेतीत घातलेली रक्कम दुप्पट होते आणि दुष्काळात तिचा एकतृतीयांश भाग उरतो, असे समजू. दोन व एकतृतीयांश यांची सरासरी सातषष्ठांश, म्हणजे एकाहून अधिक येते. यावरून भांडवल वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात २४,००० रुपयांचे सुकाळात ४८,००० होतात आणि पुढच्या दुष्काळात त्यांतले १६,००० उरतात. दुष्काळ आधी आला तरी २४,००० चे ८,००० आणि ८,००० चे पुन्हा १६,०००च होतात. सरासरी वाढ दाखवीत असता घर मात्र बुडत जाते.

आता दर वर्षी अर्धीच रक्कम शेतीत घातली व अर्धी घरी राखली, तर २४,००० चे ३६,००० आणि दुष्काळानंतर पुन्हा २४,००० होतात. केवळ चतुर्थांश घातली, तर २४,००० चे ३०,००० आणि नंतर २५,००० होतात. पाऊस तोच, शेतही तेच. राखून ठेवण्याने मात्र फळ पालटले.

असे गुणाकारी धक्के क्षणोक्षणी बसत असतील, तर नेहमीचे गणित अपुरे पडते. त्यासाठी लागणाऱ्या नव्या गणिताचा पाया जपानी गणितज्ञ कियोसी इतो यांनी १९४४ साली घातला. जीवांची संख्या, बाजारभाव यांसारख्या बदलत्या गोष्टींच्या अभ्यासात ते आज उपयोगी पडते.

गुणाकारात एकदा शून्य आले की पुढचा कोणताही मोठा आकडा ते भरून काढू शकत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा वाळून गेल्या. पुढे पाऊस चांगला पडला, तरी वाळलेल्या झाडाला फळ कोठून येणार? नवे रोप लावून ते फळाला येईपर्यंत कित्येक वर्षे जातात.

म्हणूनच जुने शेतकरी ज्वारीची निवडक कणसे बियाण्यासाठी वेगळी राखीत आणि टंचाईतही त्यांना हात लावीत नसत. कपाशीबरोबर तुरीचे तास पेरण्यामागेही हाच विचार होता. त्यांनी इतोंचे गणित वाचले नव्हते. पण सर्वस्व एकाच पावसावर सोपवू नये, हे ते अनुभवाने शिकले होते. सावधपणा म्हणजे भित्रेपणा नव्हे. पुढचा सुकाळ पाहण्यासाठी टिकून राहण्याचा तो मार्ग आहे.