डायपर भिजतो, तरी बाळ कोरडे कसे?

रात्री बांधलेला डायपर सकाळी हाताला चांगलाच जड लागतो, पण बाळाची त्वचा मात्र जवळजवळ कोरडी असते. तेवढ्याच शूने सुती लंगोट केव्हाच निथळला असता. मग इथे ओल जाते कुठे?

लंगोटातले पाणी धाग्यांमधल्या फटींत नुसते अडकलेले असते. दाबले की बाहेर येते. डायपरच्या गाभ्यात मात्र कापसासारख्या लगद्यात सोडियम पॉलिॲक्रिलेटची पांढरी भुकटी मिसळलेली असते. तिचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या. कोरड्या असताना त्या गुंडाळलेल्या असतात. पाणी लागले की साखळीवरचे सोडियमचे कण सुटे होतात आणि मागे ऋणभार उरतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, साखळ्या उलगडतात आणि पाणी आत ओढले जाते. फेर धरलेल्या मुलांनी मागे रेलावे, रिंगण मोठे व्हावे, पण हात सुटू नयेत, तसेच हे घडते. साखळ्या जागोजागी जोडलेल्या असल्याने विरघळत नाहीत. त्यांचे जेल बनते. बाळ त्यावर बसले तरी पाणी सहसा परत बाहेर येत नाही.

ही भुकटी शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शोषते. लघवी मात्र साधारण ३० ते ५० पटच, कारण लघवीतले क्षार ही ओढ कमी करतात. फुगलेल्या जेलवर चमचाभर मीठ टाकून पाहा, ते पाणी सोडू लागते.

पण कोरडे वाटणे म्हणजे स्वच्छ असणे नव्हे. शी झाली तर लगेच, एरवी दिवसा दर २-३ तासांनी डायपर बदलाच.