घंटा थांबत नाही तेव्हा

दिवाळीत मोठा फटाका वाजला की माझी आई आधी दाराची कडी लावते आणि मग स्वतःशीच ओशाळे हसते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींच्या वेळी ती तेरा वर्षांची होती. राहायला जोगेश्वरी पूर्वेस. श्रीकृष्ण आयोगाने या दंगलींतील मृतांची संख्या ९०० दिली आहे. माझ्या आईला खरचटलेही नव्हते. फक्त तिला गावी धाडले आणि सातवीतली शाळा सुटली ती सुटलीच. अशा मुलींची मोजदाद कोणत्या रकान्यात करायची?

मानसशास्त्र शिकू लागल्यावर कडीचा अर्थ थोडा उमगला. भयंकर प्रसंगी मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. प्रसंग सरतो, पण काहींच्या बाबतीत घंटा थांबत नाही. दचकणे, वाईट स्वप्ने, आठवण करून देणारी जागा टाळणे ही तिची लक्षणे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली या विकाराची आपल्या सूचीत स्वतंत्र नोंद केली. टाळल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते. परंतु धोका टळला आहे, हे शिकण्याची संधी मनाला मिळत नाही. किशोरवयीन मुलीच्या बाबतीत तर घरचेच काळजीपोटी तिची शाळा आणि मैत्रिणी बंद करतात. म्हणजे ज्यांच्या आधाराने ती सावरायची, तेच आधार जातात.

यावर कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंजर या अमेरिकन तज्ज्ञांनी एक क्रमवार उपचार बसवला. प्रथम मुलीला सांगतात की, तुला होते आहे ते वेड नव्हे. मग श्वास संथ करणे, भावनांना नावे देणे, ‘माझ्यामुळेच झाले’ यासारखे विचार तपासणे. एवढी तयारी झाल्यावरच ती आपली हकीकत, झेपेल तेवढी, बोलून, लिहून वा चित्रांतून मांडते. शेवटी पुढील सुरक्षिततेचा विचार होतो. आई किंवा सांभाळणारे माणूसही शक्यतो यात सहभागी असते.

हे केवळ श्रीमंत देशांतच चालते असे नाही. काँगोमधील युद्धग्रस्त भागातल्या १२ ते १७ वयाच्या ५२ मुलींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील २४ जणींना प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी १५ बैठकांत हा उपचार दिला. थांबलेल्या मुलींपेक्षा त्यांची लक्षणे बरीच अधिक उतरली. अर्थात बाहेर भय कायम असेल, तर नुसता उपचार पुरणार नाही. सुरक्षित घर आणि शाळा हीसुद्धा औषधेच होत.

आपण मात्र दोनच सल्ले देतो : ‘विसरून जा’ किंवा ‘एकदाचे सांगून टाक’. दुसरी चूक मी स्वतः केली. गेल्या वर्षी आईला खोदून खोदून विचारले. ती उठून भांडी घासू लागली. मला वाटले, तिला सांगायचे नाही. खरे तर मी पायऱ्या गाळून एकदम शेवटच्या पायरीवर तिला उभे केले होते.

२०२२ पासून ‘टेली मानस’ ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तिथे मराठीत बोलता येते. तो क्रमांक मी घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे. आईने तो वाचला, पण काही बोलली नाही. मीही आता विचारत नाही. परवा भाजी निवडताना मात्र ती आपणहून म्हणाली, “माझी कंपासपेटी तिथेच राहिली गं.”

मी ऐकत राहिले.