किंमत एक, इंजिन एक, सांगाडे दोन

भारतीय मोटार बाजारात ‘एसयूव्ही’ या नावाखाली आज इतक्या निरनिराळ्या जातींच्या गाड्या विकल्या जातात की उंच बांधणी आणि मोठी चाके वगळली, तर त्यांच्यात समान असे फारच थोडे उरते. त्यामुळे एकाच किमतीच्या दोन एसयूव्हींमधून एक निवडण्याची वेळ आली की खरेदीदाराची मोठी ओढाताण होते. या ओढाताणीचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याजवळ चाकण येथील महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडलेले आहे. एक्सयूव्ही ७०० ही गाडी ऑगस्ट २०२१ मध्ये आणि स्कॉर्पिओ-एन जून २०२२ मध्ये सादर झाली, आणि दोहोंची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रस्ता कर, विमा व नोंदणीचा खर्च धरण्यापूर्वीची किंमत, ११ लाख ९९ हजार रुपये अशी अगदी सारखी ठेवण्यात आली होती. दोन लिटरचे टर्बो-पेट्रोल आणि २.२ लिटरचे डिझेल ही एकाच घराण्यातली इंजिने दोन्हींत आहेत. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, तेही दोन्हींत २७५० मिलिमीटरच आहे. तरीसुद्धा या दोन गाड्या चालवणाऱ्याला आणि त्यांत बसणाऱ्याला येणारा अनुभव कमालीचा वेगळा असतो, आणि त्याचे कारण ज्या सांगाड्यावर त्या उभ्या आहेत त्यात दडलेले आहे.

स्कॉर्पिओ-एन ही ‘लॅडर-फ्रेम’ पद्धतीची गाडी आहे. दोन लांब, जाड पोलादी तुळया समांतर ठेवून त्या आडव्या पट्ट्यांनी जोडल्या की शिडीच्या आकाराची चौकट तयार होते. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाके या चौकटीला जोडली जातात आणि प्रवासी बसतात ती बॉडी वेगळी तयार करून वरून तिच्यावर बसवली जाते. ट्रक आजही याच पद्धतीने बांधले जातात, कारण जड ओझे आणि खडबडीत वाट यांचा मार ही चौकट सोसते. महिंद्राचे या बांधणीशी असलेले नाते फार जुने आहे: १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली तेव्हापासून कंपनीच्या बहुतेक गाड्या अशाच चौकटीवर उभ्या राहिल्या, आणि २००२ साली आलेली मूळ स्कॉर्पिओही त्याला अपवाद नव्हती.

एक्सयूव्ही ७०० मात्र ‘मोनोकॉक’ पद्धतीची आहे. हिच्यात वेगळी चौकट नसतेच; तळ, खांब, छत आणि बाजूचे भाग वेल्डिंगने एकत्र सांधून एकच कवच तयार केले जाते आणि गाडीचा सगळा भार तेच पेलते. घरोघरी दिसणाऱ्या लहान मोटारी बहुतांशी अशाच असतात. महिंद्राने ही पद्धत आपल्या एसयूव्हीत प्रथम आणली ती २०११ च्या एक्सयूव्ही ५०० मध्ये, आणि एक्सयूव्ही ७०० ही तिची वारसदार आहे. तळाखाली चौकट नसल्यामुळे गाडीचा तळ खाली आणता येतो, वजन आटोक्यात राहते आणि गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडीचे सगळे वजन तोलले जाते तो बिंदू, जमिनीच्या अधिक जवळ येतो. एक्सयूव्हीची उंची १७५५ मिलिमीटर आहे, तर स्कॉर्पिओ-एनची १८५७. हा जवळपास दहा सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात एकामागून एक वळणे लागतात तेव्हा तोच फरक मागे बसलेल्यांच्या पोटाला जाणवतो, कारण उंच गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला अधिक झुकते आणि गाडी लागणाऱ्या मुलांचे हाल होतात.

मागच्या चाकांची जोडणी हा दुसरा मोठा फरक असून शोरूममध्ये त्याचा उल्लेख क्वचितच होतो. स्कॉर्पिओ-एनची मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसाने बांधलेली आहेत, तर एक्सयूव्हीची मागची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर हा फरक कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण एक चाक खड्ड्यात गेले किंवा गतिरोधक तिरका ओलांडला, की अखंड आसाच्या गाडीत त्या चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो आणि मागच्या सीटवर बसलेला माणूस आडवा हलतो. स्कॉर्पिओ-एनमध्ये हे हेलकावे जुन्या स्कॉर्पिओच्या तुलनेत पुष्कळच कमी झाले आहेत, हे मान्य केले पाहिजे. तरीही नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटर या कमाल मर्यादेच्या आसपास तासन्‌तास जायचे असेल, तर एक्सयूव्हीची स्थिरता निःसंशय वरचढ ठरते.

डांबरी रस्ता संपला की मात्र पारडे फिरते. एक्सयूव्हीत इंजिनाची ताकद मुळात पुढच्या चाकांना मिळते, स्कॉर्पिओ-एनमध्ये मागच्या चाकांना. भरलेली गाडी चढाला लागली की वजन मागे सरकते आणि पुढची चाके हलकी होतात; अशा वेळी पावसाने निसरड्या झालेल्या चढावर मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी अधिक भरवशाची असते. शिवाय स्कॉर्पिओ-एनच्या काही डिझेल मॉडेलांत चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा ‘लो-रेंज’ गिअरसह मिळते. हा गिअर टाकला की चाके अतिशय सावकाश, पण कितीतरी अधिक जोराने फिरतात, आणि चिखलात रुतलेली गाडी इंजिन न गुदमरता बाहेर निघते. एक्सयूव्हीतही वरच्या श्रेणीच्या डिझेल-ऑटोमॅटिक गाडीला चारही चाकांची जोड मिळते, पण तिला लो-रेंज नाही. तिचा उपयोग ओल्या रस्त्यावरची पकड टिकवण्यापुरता आहे, ऊस तोडून नेल्यावर चाकोऱ्या पडलेल्या शेतातून गाडी काढण्यासाठी नाही. गंमत अशी की कागदावर एक्सयूव्हीचे डिझेल इंजिन अधिक ताकदवान आहे: तिचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, वरच्या मॉडेलांत ४२० ते ४५० न्यूटन-मीटर आहे आणि स्कॉर्पिओ-एनचा ३७० ते ४००. चिखलात मात्र कागदावरच्या आकड्यापेक्षा तो जोर कोणत्या चाकापर्यंत आणि कोणत्या गिअरमधून पोहोचतो याला महत्त्व असते.

घरातल्या माणसांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग बहुधा सर्वांत शेवटी पाहिला जातो, तो म्हणजे गाडीत चढणे, बसणे आणि सामान ठेवणे. स्कॉर्पिओ-एनचा तळ चौकटीवर असल्यामुळे उंच आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला आत बसताना एक हात दाराच्या वरच्या मुठीवर आणि एक पाय पायरीवर ठेवून स्वतःला वर ओढावे लागते, तर एक्सयूव्हीत हा त्रास बराच कमी होतो. सात जण बसवायचे म्हणून तिसरी रांग उघडी ठेवली, तर स्कॉर्पिओ-एनच्या डिकीत एक बऱ्यापैकी बॅगही जेमतेम मावते, आणि ती रांग दुमडली तरी तळाशी सपाट न होता जागा अडवूनच बसते. एक्सयूव्हीची तिसरी रांग अर्धी-अर्धी दुमडून जवळजवळ सपाट होते. मोठ्या माणसांना लांबच्या प्रवासात तिसऱ्या रांगेत बसवणे हा दोन्ही गाड्यांत अन्यायच आहे. ती जागा मुलांची समजावी.

सुरक्षिततेचे तारे वाचताना विशेष काळजी घ्यावी लागते. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी दोन्ही गाड्यांना पाच तारे मिळाले आहेत, पण एक्सयूव्हीची चाचणी २०२१ मध्ये जुन्या नियमांनुसार १७ पैकी १६.०३ गुण मिळवून झाली, तर स्कॉर्पिओ-एनची डिसेंबर २०२२ मध्ये, नियम अधिक कडक झाल्यानंतर, ३४ पैकी २९.२५ गुणांनी झाली. त्यामुळे हे गुण शेजारी शेजारी मांडून टक्केवारी काढणे चुकीचे ठरेल. मुलांच्या संरक्षणासाठी एक्सयूव्हीला चार आणि स्कॉर्पिओ-एनला तीन तारे मिळाले, आणि ज्या घरात लहान मुले आहेत तेथे ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही.

पैशाचा हिशोब तुलनेने सोपा आहे, पण एका ठिकाणी हमखास गल्लत होते. ‘दोन्हींची किंमत सारखी’ असे म्हणताना एका गाडीचे वरचे आणि दुसऱ्या गाडीचे मधले मॉडेल समोरासमोर ठेवलेले असते, आणि मग काचेचे छत, मोठा पडदा आणि कातडी सीट यांच्या यादीवर निर्णय होतो. खर्चाची तुलना दारात गाडी उभी राहीपर्यंतच्या ऑन-रोड किमतीवरच करावी. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के आणि डिझेल गाडीला १४ टक्के रस्ता कर पडतो, म्हणजे १८ लाखांच्या गाडीत केवळ इंधनाच्या निवडीमुळे ३६ हजारांचा फरक पडतो. ज्यांची गाडी वर्षाकाठी फारशी फिरत नाही, त्यांना हा जादा कर आणि डिझेल मॉडेलची चढी किंमत इंधनाच्या बचतीतून भरून काढणे कठीण जाते.

चाचणीसाठी गाडी घेताना एकट्याने शोरूमभोवती एक फेरी मारून परतणे पुरेसे नाही. घरातली सगळी माणसे बसवून, रोजच्या वापरातल्या वाईट रस्त्यावर, आणि निदान अर्धा वेळ निर्णय घेणाऱ्याने स्वतः मागच्या सीटवर बसून ती पाहिली पाहिजे. नावे, पडदे आणि दिवे दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, पण एकदा विकत घेतलेला सांगाडा गाडी विकेपर्यंत तोच राहतो. ज्यांचे गाव, शेत किंवा काम पक्क्या रस्त्यापासून खरोखर दूर आहे आणि ज्यांना पावसाळ्यात तेथे पोहोचणे टाळता येत नाही, त्यांनी स्कॉर्पिओ-एन चारही चाकांच्या जोडीसह घ्यावी. दोन चाकांवर चालणारी स्कॉर्पिओ-एन केवळ रुबाबासाठी घेऊन शहरात फिरवण्यात पैसा आणि आराम दोन्ही वाया जातात. पुणे, ठाणे, नाशिक यांसारख्या शहरांत राहणाऱ्या आणि वर्षातून दोन-चारदा गावी किंवा कोकणात जाणाऱ्या कुटुंबांसाठी, म्हणजे या किमतीच्या बहुतेक खरेदीदारांसाठी, मोनोकॉक बांधणीची एक्सयूव्हीच अधिक योग्य गाडी आहे.