शिक्का साताऱ्याचा, दस्तक आंग्र्यांचे

साताऱ्याला समुद्र नाही, सांगलीलाही नाही. दोन्हीकडची कृष्णा तर कोकणाकडे पाठ करून बंगालच्या उपसागराला मिळते. तरीही तीनशे वर्षांपूर्वी कोकणपट्टीवर व्यापारी जहाजांना अभय द्यायचे कोणी, हा प्रश्न साताऱ्याच्या गादीपाशी येऊन पोचला होता.

1708 मध्ये साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा आरमार सांभाळणारे कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षात होते. 1713 मध्ये त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैदेत टाकले. मग पेशवेपदाची वस्त्रे मिळालेले बाळाजी विश्वनाथ पुढे आले आणि लढाईऐवजी बोलणी झाली. कान्होजींनी शाहूंना मानले. त्यांचे सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखपद, कायम झाले आणि कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे किल्ले त्यांच्याकडेच राहिले.

किनाऱ्यावरचा कारभार दस्तकावर चाले. व्यापाऱ्याने ठरलेली रक्कम भरून दस्तक घ्यायचे आणि वाटेत आंग्र्यांच्या गलबतांनी अडवले की ते दाखवायचे. दस्तक नसेल तर जहाज मालासकट जप्त. मोठ्या जहाजांच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत. म्हणून शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालणारी ही गलबते त्यांना मागून गाठत.

ही कल्पना कान्होजींची नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाचा असाच परवाना विकत होते, इंग्रजही स्वतःचे परवाने देत. खटका उडाला तो देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली फुकट जाऊ लागला तेव्हा. 1712 मध्ये कान्होजींनी मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाच धरली. इंग्रजांनी 1718 मध्ये खांदेरीवर, तर 1721 मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर हल्ला केला. दोन्ही वेळा हात हलवत परतावे लागले. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लेखी कान्होजी चाचेच राहिले. आपण विकला तो परवाना, आंग्र्यांनी विकली ती लूट, असा तो हिशेब!

खऱ्या चाच्यांपाशी दस्तक नसते. 1920 च्या दशकात चीनच्या किनाऱ्यावर ते तिकीट काढून प्रवासी म्हणून आगबोटीत चढत आणि भर समुद्रात कप्तानाला वेठीस धरत. त्यामुळे जहाजमालकांनी सुकाणूकक्षाभोवती लोखंडी जाळ्या ठोकल्या आणि बंदूकधारी पहारेकरी नेमले. त्यांत भारतातून गेलेले शीखही होते.

जाळी आणि बंदूक चाच्याला अडवतात. शिक्षा द्यायला कायदा लागतो. 1999 मध्ये ‘अलोंड्रा रेनबो’ हे पळवलेले जपानी मालकीचे जहाज आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने पाठलाग करून पकडले. मुंबईच्या न्यायालयात आरोपी दोषी ठरले, पण 2005 मध्ये उच्च न्यायालयातून सुटले. चाचेगिरीसाठी स्वतंत्र कायदा तेव्हा भारतात नव्हताच. तो 2022 मध्ये संसदेत मंजूर झाला. मार्च 2024 मध्ये नौदलाने चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजावरच्या 17 खलाशांना सोडवले आणि 35 सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा हा कायदा हाताशी होता.

व्यापारी जहाज तोफेने वाचते हे अर्धेच खरे. त्या तोफेमागे कोणाचा शिक्का आहे, हे साताऱ्याच्या दरबाराने समुद्र नसतानाही ओळखले होते.