जुळवून कोण घेतं?

भाईंदर सोडून लोकल खाडीपुलावर आली, की नायगावच्या बाजूला तिवरांची दाट झाडी दिसते. ओहोटीच्या वेळी नीट पाहा. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी असंख्य टोकं वर आलेली असतात. ती तिवराची मुळं. मुळं खाली जातात, असं आपण शाळेत शिकलो. ही मात्र वर येतात, कारण खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसतेच. याच झाडाचं पान जिभेला लावलं, तर खारट लागतं. आत शिरलेलं जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं.

जीवशास्त्रात याला अनुकूलन म्हणतात. इंग्रजीत शब्द आहे 'अ‍ॅडाप्टेशन'. गंमत अशी, की नव्या गावात रुळण्यालाही इंग्रजीत हाच शब्द चालतो आणि कादंबरीवरून नाटक केलं तरी हाच. मराठीत मात्र तीन शब्द आहेत : अनुकूलन, जुळवून घेणं आणि रूपांतर. मला यात मोठं शहाणपण दिसतं, कारण तिन्ही ठिकाणी बदलणारा निराळा असतो.

तिवराने ठरवून मुळं वर काढलेली नाहीत. पिढ्यापिढ्यांत झाडाझाडांत थोडे थोडे फरक पडत गेले. खाऱ्या चिखलात जी तगली, त्यांचंच बी पुढे गेलं. डार्विनने १८५९मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच. त्याला लाखो वर्षं लागली आणि जी तगली नाहीत, त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. म्हणजे बदलतो तो वंश, एकटं झाड नव्हे. म्हणून भराव टाकून ही मुळं पुरती गाडली, तर झाडाला नवी युक्ती सुचत नाही. ते गुदमरतं.

रूपांतराची गोष्ट वेगळी. तिथे कुणीतरी जाणूनबुजून बदल करतो. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली फुलवाली लंडनच्या रस्त्यावरची इंग्रजी बोलते. ती शब्दशः मराठीत आणली असती, तर कुणी हसलं नसतं. पु. ल. देशपांडे यांनी १९७५मध्ये 'ती फुलराणी' रंगमंचावर आणताना मंजुळेला इथलीच बोली दिली. मूळ नाटकाला मात्र धक्का लागला नाही. ते आजही कपाटात जसंच्या तसं आहे.

भाषाही परके शब्द असेच आपलेसे करते. पोर्तुगीज १५३४मध्ये वसईत आले. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला आणि ते गेले. पण चावी, पाव हे त्यांचे शब्द मराठी उच्चार घेऊन मराठीतच राहिले.

राहिलं जुळवून घेणं. नालासोपाऱ्यात मी तळमजल्यावर राहायला आलो, त्या पावसाळ्यात घरात घोटाभर पाणी शिरलं. पलंगाच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. पुढे तीन झाल्या. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, तेव्हा पलंग चार विटांवर होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दादा, सवय होते हो." मलाही स्वतःचं कौतुक वाटलं.

त्या रात्री गुडघे धरून बसलेली आई म्हणाली, "अरे, एवढ्या उंच पलंगावर मी चढू कशी?"

जुळवून मी घेत होतो आणि किंमत ती मोजत होती. 'माणूस कशाशीही जुळवून घेतो' असं आपण कौतुकाने म्हणतो. सुनेला, भाडेकरूला, लोकलच्या दारात लटकणाऱ्याला हाच सल्ला देतो. जणू त्यांनाही तिवरासारखी मुळं फुटणार आहेत! पण एका आयुष्यात शरीर तेवढं बदलत नाही. आणि माणसाकडे तिवराकडे नसलेली एक सोय आहे : तो परिस्थितीही बदलू शकतो.

दुसऱ्या दिवशी आईसाठी विटा काढल्या. पाणी ओसरल्यावर इमारतीतले सगळे जमलो आणि बुजलेला नाला मोकळा करावा, असा पहिला अर्ज लिहिला. पहिली सही काकूंची होती.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)