किशोर नावाची वस्तू

बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचा शेवट एका कर्तबगार गृहिणीच्या कवितेनं होतो. अध्याय 31, ओळी 10 ते 31. ही बाई लोकर आणि जवसाचे तंतू शोधून आणते, रात्री दिवा विझू देत नाही, अंथरुणावरच्या चादरी स्वतः करते आणि कमरपट्टे व्यापाऱ्याला विकते. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत बसून हे वाचताना मला ती कुठल्या परक्या देशाची वाटत नाही. चादर करून विकणारी माणसं आमच्या गावाला नवी नाहीत.

अडचण येते ती 19व्या ओळीत. तिथं म्हटलंय की ती आपले हात एका वस्तूला घालते आणि तिचे तळवे दुसरी वस्तू धरतात. दुसरी वस्तू कळते. हिब्रूत तिला ‘पेलेक’ म्हणतात, म्हणजे सूत कातायची चाती. पहिल्या वस्तूचं नाव आहे ‘किशोर’. मराठी माणसाला या नावाचा मुलगा आठवेल, नाहीतर मासिक. हिब्रू वाचणाऱ्याला मात्र काहीच आठवत नाही, कारण अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आलाय.

एकदाच आलेला शब्द सोडवायचा कसा? कोशात पाहून फारसा उपयोग होत नाही. कोश करणाऱ्यानंही याच ओळीवरून अंदाज बांधलेला असतो. म्हणून आधी ज्ञात शब्द पक्का करायचा. ‘पेलेक’ची साक्ष बाहेर मिळते. अक्कडी भाषेत ‘पिलक्कु’ म्हणजे चातीच. तुर्कस्तानात कारातेपे इथं सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातल्या फिनिशियन शिलालेखात एक सत्ताधीश आपल्या मुलखातल्या सुरक्षिततेची फुशारकी मारतो, ती अशी की बाई चात्या घेऊन एकटी वाट चालते. तिथंही हाच शब्द आहे. इथं एक मोह आवरावा लागतो. आपल्याकडे कातण्यासाठी पिंजलेल्या कापसाची जी वळी करतात तिला ‘पेळू’ म्हणतात. पेलेक आणि पेळू! मीही एकदा हरखलो होतो. पण नुसता कानाला जुळणारा आवाज पुरावा ठरत नाही. तसं असतं तर किशोरचा अर्थ लावायला आपल्याला दोन मिनिटंही लागली नसती.

मग जुने अनुवाद बघायचे. ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीक अनुवादकानं इथं वस्तूच ठेवलेली नाही. त्यानं लिहिलं की ती आपले हात फायद्याच्या कामांकडे नेते. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनं लॅटिनमध्ये ‘बळाची कामं’ असं केलं. दोघांपुढे अवजार नव्हतं, नुसतं शब्दाचं मूळ होतं. ‘उपदेशक’ या पुस्तकात ‘किश्रोन’ असा शब्द येतो, त्याचा अर्थ कौशल्य किंवा नफा. ग्रीक अनुवादकानं बहुधा त्याच्याशी नातं जोडून वेळ मारून नेली. 1611च्या इंग्रजी बायबलनं पहिल्या जागी चाती घातली आणि दुसऱ्या जागी डिस्टाफ. नंतरच्या बहुतेक इंग्रजी अनुवादांनी ती जोडी उलटी केली. ज्या ओळीतल्या दोन वस्तूंची अशी अदलाबदल होऊ शकते, तिथं अनुवादक चाचपडतायत हे उघड आहे.

डिस्टाफ म्हणजे ज्याच्यावर लोकर किंवा जवसाचे तंतू गुंडाळून ठेवतात तो दांडा. तो बगलेत किंवा कमरेला खोचतात आणि त्याच्यातून तंतू ओढत चातीवर पीळ देतात. आपल्याकडे कापसाला त्याची गरज पडली नाही. पेळू हातात धरला की झालं. त्यामुळे मराठी अनुवादकाजवळ चाती, टकळी, चरखा असे तीन-तीन शब्द आहेत आणि डिस्टाफला घरातला एकही नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला, आमच्या सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरच, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. सामान्य बायकांना कळावं अशा सोप्या मराठीचा त्यांचा आग्रह होता. 1922मध्ये त्या गेल्या तोवर हेच काम चालू होतं. अशा आग्रहाच्या अनुवादकाला या ओळीवर किती वेळ थांबावं लागलं असेल, असं मनात येतं.

पण डिस्टाफ तरी खरा का? त्या काळच्या इस्राएलात तो वापरात होता याचा पुरावा तुटपुंजा आहे. शिवाय ओळ सांगते की ती दोन्ही हात किशोरला घालते. कमरेला खोचलेल्या दांड्याला दोन हात कशाला? 1994मध्ये अल वोल्टर्स या अभ्यासकानं वेगळं उत्तर मांडलं: किशोर म्हणजे दोन-तीन पदर एकत्र पिळायची मोठी चाती, जी दोन्ही हातांनी धरून फिरवावी लागते.

हे मला आमच्या शेजारच्या आजींनी न वाचताच समजावलं. त्यांनी उमेदीची वर्षं कांड्या भरण्यात घातली. मी विचारलं, एका पदराचं सूत असताना दुपदरी कशाला करायचं? त्यांनी हातभर सूत घेतलं, एक टोक माझ्या चिमटीत दिलं आणि दुसरं टोक बोटांनी पिळत गेल्या. मग हात जवळ आणले. ताण सुटताच सुताला मधेच आढ्या पडल्या, ते स्वतःभोवतीच वळलं. “बघ की, एकटं असलं की असंच करतंय,” आजी म्हणाल्या. मग त्यांनी तेच सूत मधोमध दुमडलं. दोन्ही पदर आपोआप उलट्या दिशेनं एकमेकांवर बसले आणि सूत शांत झालं. कातताना दिलेल्या पिळाच्या उलटा पीळ दोन पदरांना मिळून दिला की दोन्ही पीळ एकमेकांना अडवतात आणि सूत जाड, मजबूत होतं. सुताच्या गठ्ठ्यावर 2/20 लिहिलेलं असतं ते हेच: वीस नंबरचे दोन पदर, एकत्र पिळलेले.

असं घेतलं तर 21व्या ओळीतली आणखी एक गाठ सैल होते. तिला बर्फाची भीती नाही, कारण तिच्या घरच्यांनी ‘शानीम’ घातलंय. नेहमीचा अर्थ किरमिजी रंगाचे कपडे. पण थंडीला रंगाचं काय? मूळ हिब्रूत स्वरचिन्हं नव्हती आणि तीच अक्षरं ‘श्नायिम’, म्हणजे ‘दोन’, अशीही वाचता येतात. जेरोमनं तसंच वाचलं: दुहेरी कपडे. दुपदरी सुताची चाती दोन ओळी आधी आलेली असेल तर हे वाचन मला जास्त पटतं. अर्थात एका अंदाजावर दुसरा अंदाज रचलाय, हेही सांगितलं पाहिजे. किरमिजी रंग महाग आणि बहुधा लोकरीवरचा, म्हणजे उबदारच, असं उत्तर दुसरी बाजू देते आणि ते अगदीच टाकाऊ नाही.

आता ज्याच्यासाठी मी ही ओळ पुन्हा पुन्हा वाचतो ते. ही कविता हिब्रू वर्णमालेवर बांधलेली आहे: 22 अक्षरं, 22 ओळी, प्रत्येक ओळ पुढच्या अक्षरानं सुरू होते. ज्यू घरांत ती शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ लागताना म्हणतात. आमच्या पेठेच्या नावाशी जुळलेला हा निव्वळ योगायोग. 19वी ओळ येते ‘योद’ या अक्षरावर आणि 20वी ‘काफ’वर. ‘याद’ म्हणजे हात आणि ‘काफ’ म्हणजे तळवा. कवीनं योदच्या ओळीची सुरुवात हातानं केली आणि काफच्या ओळीची तळव्यानं. 19व्या ओळीत आधी हात, मग तळवे. 20व्या ओळीत आधी गरिबापुढे पसरलेला तळवा, मग गरजवंताकडे गेलेले हात. हात, तळवे, तळवा, हात. आणि किशोरला हात घालते हे सांगायला जे दोन शब्द वापरलेत, ‘यादेहा शिल्लेखा’, तेच दोन शब्द जसेच्या तसे गरजवंताच्या ओळीत परत येतात.

म्हणजे कवीला किशोर हवा होता तो दोन्ही हात लागणारी वस्तू म्हणून, एवढं ही रचना सांगते. ती चाती होती की दांडा, ते रचना सांगत नाही. माझ्या प्रतीत मी समासात पेन्सिलीनं ‘दुपदरी चाती’ लिहून पुढं प्रश्नचिन्ह ठेवलंय. आजींना ते दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, “आणि पेळू कोण देत होतं तिला?” 13व्या ओळीत ती लोकर स्वतःच शोधून आणते, असं मी सांगितलं. “मग ठीकाय,” म्हणाल्या.