न खेळलेला अंतिम सामना

हॉकी हा शब्द उच्चारला की आम्हा ग्वाल्हेरकरांच्या डोळ्यांपुढे प्रथम हिरवळ येते आणि तिच्या मागोमाग कॅप्टन रूपसिंह येतात. ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू ग्वाल्हेरच्या फौजेत होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४ गोल चढवले, त्यांपैकी १० एकट्या रूपसिंहांचे. त्यांच्या नावाचे क्रीडांगण आमच्या शहरात आहे. मूळचे ते हॉकीचे. पुढे ते क्रिकेटचे झाले, आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने तेथे नाबाद २०० धावा केल्या तेव्हा एका हॉकीपटूचे नाव क्रिकेटच्या पुण्याईने जगभर पोहोचले. दैवाचा हा विनोद रूपसिंहांना आवडला असता की नाही, कोण जाणे!

सांगायचे आहे ते मात्र दुसऱ्याच हॉकीविषयी. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त जपानात असतो. मागील दिवाळीत तो भेटावयास आला असता बोलता बोलता म्हणाला, "सर, आमच्याकडे हॉकी म्हणजे बर्फावरची. तुमच्या हॉकीविषयी सांगू लागलो तर लोक विचारतात, गवतावर घसरता तरी कसे?" मग त्याने मला आशियाई आइस हॉकी लीगची आणि तिच्या एका अपुऱ्या राहिलेल्या हंगामाची हकिकत सांगितली. पुढे मी स्वतःही त्या विषयाचे पुष्कळ वाचले. ती हकिकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटते.

आधी खेळाची थोडी ओळख. ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असे बर्फाचे मैदान. त्याच्या भोवती कठडा आणि कठड्यावर पारदर्शक भिंत. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सहा खेळाडू. चेंडूऐवजी कडक रबराची एक काळी चकती, तिला पक म्हणतात. वजन जेमतेम १६० ग्रॅमच्या आसपास. पण तीच चकती टोल्यासरशी असा वेग घेते की गोलरक्षकाला चिलखत घालून उभे राहावे लागते. बर्फावर ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी तिलाही गोठवून ठेवतात. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात, मात्र एक खेळाडू सलग पाऊण-एक मिनिटाहून अधिक मैदानात राहत नाही. तेवढ्यात त्याची दमछाक होते आणि खेळ चालू असतानाच तो कठडा ओलांडून बाहेर येतो, दुसरा आत उडी घेतो. धसमुसळेपणा करणाऱ्यास दोन मिनिटे एका लहानशा खोक्यात बसवतात आणि तोवर त्याच्या संघाला एक माणूस कमी घेऊन झुंजावे लागते. वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला दाराबाहेर उभे करण्याचा आमचा शिक्षकी उपाय याहून फारसा निराळा नाही. फरक एवढाच की आमच्याकडे बाहेर उभ्या असलेल्या मुलाची शिक्षा सगळ्या वर्गाला भोगावी लागत नाही. लागली असती तर बरे झाले असते, असे कधी कधी वाटते.

आपल्या लडाखातही हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळतात, आणि आपल्या मुलींच्या संघाने २०२५ साली आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. पण व्यवसाय म्हणून हा खेळ आशियात रुजला तो प्रामुख्याने जपानात, आणि तेथे तो रुजवला कारखान्यांनी. होक्काइडो बेटावरील तोमाकोमाई हे गाव म्हणजे ओजी कंपनीच्या कागद गिरणीचे गाव. वृत्तपत्राचा कागद तेथे मोठ्या प्रमाणावर निघतो. त्याच बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील कुशिरो येथे निप्पॉन पेपरची गिरणी होती. दोन्ही गिरण्यांचे हॉकी संघ होते आणि जुन्या प्रथेप्रमाणे खेळाडू कंपनीचे नोकर असत. हजेरीपट कारखान्याचा आणि घाम बर्फावरचा, असा तो संसार. कुशिरोच्या संघाचे नाव क्रेन्स, म्हणजे क्रौंच. त्या भागातील दलदलीत लाल टोपीचे क्रौंच पक्षी राहतात. ते नामशेष झाले असे लोक मानून चालले होते, १९२४ मध्ये त्यांतले थोडे पक्षी तेथे पुन्हा आढळले, आणि पुढे गावकऱ्यांनी हिवाळ्यात दाणे घालून त्यांना जगवले.

तिसरे गाव निक्को. हे नाव आपल्या वाचकांना अपरिचित असले तरी तेथली एक वस्तू घरोघर ठाऊक आहे. वाईट पाहू नये, ऐकू नये, बोलू नये असे सांगणारी तीन माकडे निक्कोच्या तोशोगू मंदिराच्या तबेल्यावर कोरलेली आहेत. या गावात फुरुकावा कंपनीचा तांब्याचा कारखाना, आणि १९२५ पासून तिचा हॉकी संघ. १९९९ मध्ये कंपनीने हात काढून घेतला तेव्हा गावकऱ्यांनी तो संघ मोडू दिला नाही. वर्गणी, स्थानिक दुकानदारांची मदत आणि निव्वळ हट्ट यांच्या बळावर निक्को आइस बक्स या नावाने तो उभा राहिला आणि आजही उभा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळलेला पहिला जपानी गोलरक्षक युताका फुकुफुजी हाही पुढे याच संघात आला.

सर्वांचेच नशीब निक्कोसारखे नव्हते. साप्पोरोच्या संघामागे स्नो ब्रँड ही दुधाची प्रसिद्ध कंपनी होती. २००० साली तिच्या दुधातून विषबाधा होऊन हजारो लोक आजारी पडले. कंपनी गोत्यात आली, तिने संघ सोडला, आणि नाव बदलून धडपडलेला तो संघ २००२ मध्ये विसर्जित झाला. नासलेल्या दुधाने हॉकीचा संघ बुडावा, ही गोष्ट कोणी कादंबरीत लिहिली असती तर आपण ती ओढूनताणून आणलेली म्हटली असती.

अशा रीतीने १९६६ पासून चाललेल्या जपानी लीगमध्ये चारच संघ उरले. तिकडे दक्षिण कोरियातही एकामागून एक कंपन्यांनी संघ मोडले आणि सोलजवळच्या आन्यांग शहरातील हल्ला हा एकच संघ शिल्लक राहिला. चौघांना पाचव्याची गरज आणि पाचव्याला खेळायला कोणी नाही! या अडचणीतून २००३ मध्ये आशियाई लीग जन्माला आली. पुढे चीन आणि रशियाचे संघ आले, काही गेलेही. राष्ट्राराष्ट्रांतील जुनी वैरे ध्यानात घेता जपान, कोरिया व चीन यांचे गडी त्या काळी एका बर्फावर उतरत हेच मला मोठे नवल वाटते.

पहिली सहाही विजेतेपदे जपानी संघांनी मिळवली. २००९ मध्ये तोक्योचा सेइबू प्रिन्स रॅबिट्स हा बलाढ्य संघ मालक कंपनीच्या आर्थिक ओढाताणीमुळे बंद पडला. त्याची जागा घ्यावयास तोहोकू प्रांतात एक नवा संघ उभा राहिला, फ्री ब्लेड्स. त्याचा आश्रयदाता झेबिओ हा क्रीडासाहित्याचा व्यापारी. कंपनीचे ठाणे फुकुशिमा जिल्ह्यातील कोरियामा शहरात आणि संघाचे मुख्य घर त्याच प्रांताच्या उत्तर टोकाशी, हाचिनोहे या कोळ्यांच्या बंदरात. २०१० च्या वसंतात आन्यांग हल्लाने लीग जिंकली आणि प्रथमच विजयचषक समुद्र ओलांडून कोरियात गेला.

आता २०१०-११ चा हंगाम. सप्टेंबरात सुरू होऊन मार्चमध्ये संपणारा हा खेळ. आपल्याकडे गणपती उठतात त्या सुमारास आरंभ आणि होळीच्या सुमारास शेवट. संघ सात होते: जपानचे चार, कोरियाचे दोन आणि चीनचा एक. चीनचा संघ त्या वर्षांत बहुधा तळाशीच असे. कोरियाचा दुसरा संघ हाय वन हा डोंगरातल्या एका विश्रामस्थळाच्या मालकीचा. कोरियन संघांत कॅनडाहून आलेले काही खेळाडू होते, त्यांतील ब्रॉक रदुन्स्के व मायकेल स्विफ्ट यांनी पुढे कोरियाचे नागरिकत्व घेतले आणि २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये ते कोरियाकडून खेळले.

महिन्यांमागून महिने सामने झाले. बाद फेरी झाली. अंतिम फेरीत एका बाजूस गतविजेता हल्ला आणि दुसऱ्या बाजूस अवघ्या दुसऱ्या वर्षात तेथवर पोहोचलेला फ्री ब्लेड्स. हाचिनोहेसारख्या मासेमारीवर जगणाऱ्या बंदरात त्या दिवसांत काय उत्साह असेल, याची कल्पना ज्यांनी लहान गावाचा संघ मोठ्या स्पर्धेत शिरताना पाहिला आहे त्यांनाच येईल. अंतिम मालिका अगदी तोंडावर येऊन ठेपली होती.

११ मार्च २०११, शुक्रवार. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य समुद्रात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्या देशात नोंदला गेलेला तो सर्वांत मोठा. त्यामागून त्सुनामीच्या लाटा आल्या. मृत आणि बेपत्ता मिळून १८,००० हून अधिक माणसे गेली. हाचिनोहेच्या बंदरात पाण्याने नावा उचलून धक्क्यावर आणि रस्त्यावर आणून टाकल्या. दक्षिणेकडे फुकुशिमा येथील अणुवीजकेंद्र बिघडले. कोरियामा शहर तेथून साठेक किलोमीटरवर. किनाऱ्याकडून घरे सोडून निघालेली माणसे तिकडच्या सभागृहांत आश्रयाला आली. ज्या प्रांताचे नाव एका संघाने आपल्या छातीवर लावले होते तो प्रांतच असा दुखावला गेला.

अंतिम मालिका रद्द झाली. लीगने हल्ला व फ्री ब्लेड्स या दोघांनाही संयुक्त विजेते घोषित केले.

हा निर्णय पुष्कळांना सपक वाटेल. खेळात एक जिंकतो व एक हरतो, त्यावाचून खेळ कसला, असे म्हणणारे आहेत. मलाही एकेकाळी तसेच वाटे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत कबड्डीचा अंतिम सामना अवकाळी पावसाने वाहून गेला. परीक्षा जवळ आलेल्या, पुन्हा सामना घेणे अशक्य. मी ढाल दोन्ही वर्गांना विभागून दिली. दोन्ही कर्णधार तोंड फुगवून बसले. अर्धे वर्ष एका वर्गात आणि अर्धे वर्ष दुसऱ्या वर्गात अशी ती ढाल भिंतीवर लटकली, आणि तिच्याकडे पाहताना कोणाचेच मुख उजळले नाही. पण तेथे केवळ पाऊस पडला होता. तोहोकूत जे घडले त्यानंतर गुणांची बेरीज-वजाबाकी करून एकाला वर व दुसऱ्याला खाली ठेवणे, हे गणित अचूक ठरले असते पण माणुसकीला धरून झाले नसते. कोरियाचा संघ आदल्या वर्षीचा विजेता होता. अर्धे श्रेय सोडणे त्याला जड गेले असेल. तरीही त्या वर्षीच्या नोंदीत दोन नावे आहेत आणि दोन्ही सारख्याच अक्षरांत.

खरी भीती पुढे होती. कंपन्यांच्या आधारावर जगणारा हा खेळ. दुधाच्या भानगडीत एक संघ गेला, मालकाच्या कर्जात दुसरा गेला. मग भूकंपाने हादरलेल्या प्रांतातला, उण्यापुऱ्या दोन वर्षांचा संघ कोण पोसणार? पण आश्रयदात्याने तो मोडला नाही. पुढल्या हंगामात फ्री ब्लेड्स पुन्हा बर्फावर उतरला, २०१३ मध्ये त्याने लीग एकट्याने जिंकली आणि २०१५ मध्ये पुन्हा जिंकली. २०२० मध्ये हाचिनोहेच्या रेल्वे स्थानकाजवळ त्यांच्यासाठी नवे बंदिस्त क्रीडागृहही उभे राहिले.

त्याच वर्षी महामारी आली आणि इतिहासाने आपला धडा पुन्हा गिरवला. २०१९-२० ची अंतिम मालिकाही झाली नाही, पुन्हा संयुक्त विजेते, आणि दोघांपैकी एक पुन्हा हल्लाच. दुसरा रशियाचा साखालिन. एका संघाच्या वाट्याला दोन वेळा अर्धा चषक यावा! त्याने मात्र पुढे भरपाई केली. २०२३, २०२४ व २०२५ ही तिन्ही वर्षे लागोपाठ जिंकली. आता त्याचे नाव एचएल आन्यांग असे झाले आहे.

आणि कुशिरोचे क्रौंच? ज्या संघाने लीगचा पहिलाच चषक उचलला होता, त्याला निप्पॉन पेपरने २०१९ मध्ये निरोप दिला. कागदाची मागणी घटली, हे कारण. लोक वृत्तपत्रे वाचेनासे झाले, म्हणून कागद खपेना; कागद खपेना, म्हणून संघ परवडेना. नवे नाव घेऊन त्याने आणखी चार वर्षे काढली. वेतन थकले, आणि २०२३ मध्ये तोही प्रयत्न संपला. दरम्यान २०२१ च्या ऑगस्टमध्ये गिरणीतला कागदही बंद झाला. हा मजकूर कागदावर छापला जाणार आहे, हे लिहिताना माझ्या मनातून जात नव्हते.

माझा विद्यार्थी परत जाताना सांगून गेला की, येत्या हिवाळ्यात सुट्टी काढून निक्कोला सामना पाहावयास जाणार, आणि जमल्यास हाचिनोहेलाही. तिकडून एखादी रबरी चकती आणण्यास मी त्याला सांगितले आहे. शाळेच्या कपाटात हॉकीच्या जुन्या चेंडूशेजारी ती ठेवावी असा विचार आहे.